माईकवरचं नाव

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, अंबरपेठच्या बुद्धविहारात माझ्या चुलतबहिणीचे यजमान उभे राहिले आणि म्हणाले की सासऱ्यांच्या गाण्यांचं काम ते आजपासून सोडत आहेत. सासरे म्हणजे माझे काका. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांच्या पुण्यानुमोदनासाठी आम्ही जमलो होतो. बहिणीला मी ताई म्हणतो, तिच्या यजमानांना दाजी. दाजींनी खिशातून कपाटाची किल्ली काढून ताईच्या पुढ्यात ठेवली, भंतेजींना वाकून वंदन केलं आणि बाहेर जाऊन स्कूटर सुरू केली. जेवले नाहीत. मागून कोणीतरी कारण विचारलं. स्कूटर तोवर कोपऱ्यावरून वळली होती.

आमच्याकडे जावयाला तोंडावर जाब विचारत नाहीत. तो गेला की विचारतात, एकमेकांना.

काका नामपल्ली स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होते. नोकरीतून उरलेल्या वेळात भीमगीतं गात. गीतं स्वतः लिहीत, चाल स्वतः लावत, पेटी स्वतः वाजवत. पार्टीत एक ढोलकीवाला, एक बेंजोवाला आणि कोरसला वस्तीतलीच माणसं. आमचं मूळ गाव नांदेडकडचं. आजोबा कामासाठी हैदराबादला आले ते इथलेच झाले. काकांना मात्र गावाकडूनही बोलावणी येत. जयंतीच्या महिन्यात ते घरी फक्त कपडे बदलायला येत, असं काकू सांगते. कंपनीने काढलेली त्यांची एकही कॅसेट नाही. जे काही आहे ते ढोलकीवाल्याने कार्यक्रम चालू असताना स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेलं. या कॅसेटी त्याच्याच घरी असत. तो वारल्यावर त्याच्या मुलांनी त्या ट्रंकेत भरून काकांकडे आणून दिल्या. तोवर काकांच्या घरात कॅसेट लावायचं यंत्र उरलं नव्हतं. कॅसेटी लोखंडी कपाटात गेल्या. पुढे वर्षभरात काकाही गेले.

ते गेल्यानंतर फोन सुरू झाले. कोणाला यूट्यूबवर टाकायला गाणी हवी होती, कोणाला पुस्तकात छापायला. नांदेडचा एक माणूस डीजेसाठी मिक्स करून विकतो, तो सारखा मागे लागला होता. काकूला एवढी माणसं झेपेनात. ताई एकुलती एक. दाजी सिकंदराबादला रेल्वेच्या हिशेब विभागात अधिकारी, इंग्रजी-मराठी दोन्ही लिहिणारे. काकूने चार माणसांसमोर कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली. दाजींचं माणसांना भेटणं, नाही म्हणणं, कागद करणं, सगळं शिस्तीत चाललं होतं. कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं त्यांनीच ठरवलं. त्याला कोणाचा विरोध नव्हता. उलट काकू त्याचीच वाट पाहत होती.

ती का, हे सांगायचं तर कार्यक्रमातली एक पद्धत सांगावी लागेल.

गाणं रंगलं की ऐकणाऱ्यांतलं कोणीतरी उठून स्टेजकडे यायचं. हातात नोट आणि नावाची चिठ्ठी. काका अंतरा पुरा करून थांबत. पेटीवर सूर धरून ठेवत, ढोलकी हलका ठेका चालू ठेवायची. मग काका माईकवर चिठ्ठी वाचत: अमुक गावचे, हल्ली मुक्काम अमुक वस्ती, अमक्यांचे चिरंजीव अमुक, यांच्याकडून पार्टीला सप्रेम भेट, जयभीम. मांडवातून जयभीमचा आवाज उठायचा आणि गाणं थांबलं होतं तिथून पुढे निघायचं. एकेका गाण्यात असं अनेकदा होई. गाणं लांबायचं. त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. हमाल, झाडूवाले, शिपाई, गिरणीतली माणसं. एरवी मस्टरवर हजेरी लागण्यापलीकडे त्यांचं पूर्ण नाव कोणी घेत नव्हतं.

काकांनी काकूला घरात कधी नावाने हाक मारली नाही. त्या पिढीत कोणी मारत नसे. ‘ऐकलं का’, नाहीतर नुसतं ‘अगं’. पण काकूकडे एक गोष्ट होती आणि ती तिने आम्हा सगळ्यांना सांगितलेली होती. ताई तेव्हा अंगावर पीत होती. अंबरपेठच्या मैदानात जयंतीचा कार्यक्रम होता. बाया डाव्या हाताला बसत, त्यांच्यातली स्टेजकडे कोणी जात नसे. काकू लोकांचे ब्लाउज शिवायची. त्या कमाईतली एक नोट तिने पदराच्या गाठीत बांधून आणली होती. तिने ताईला शेजारणीच्या मांडीवर दिलं, उठली, आणि सगळ्या पुरुषांमधून चालत स्टेजपर्यंत गेली. चिठ्ठी नव्हती. काकांनी तिला येताना पाहिलं आणि त्यांची पेटी थांबली. मग त्यांनी माईकवर तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव.

“आयुष्यात एकदाच घेतलं,” काकू म्हणायची, “पर माईकवर घेतलं.”

विहारातल्या बायांना ही गोष्ट पाठ होती. नव्या सुनांना ती सांगितली जायची. काकूला सगळ्या कपाटातली ती एक कॅसेट ऐकायची होती. बाकीच्यांचं काय करायचं ते करा, असं ती दाजींना पहिल्या दिवसापासून सांगत आली होती.

आता त्या रविवारी काय झालं ते. वंदना झाली, भंतेजींची देसना म्हणजे प्रवचन झालं. मग दाजींनी पेन ड्राइव्ह लावला आणि काकांची गाणी पहिल्यांदा सर्वांसमोर वाजली. आवाज स्वच्छ होता. लोक ठेक्यावर माना हलवत होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर काकूच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, महापालिकेत होते, म्हणाले, थांबवा जरा. गाणं थांबवलं.

“यात माझ्या बापाचं नाव हाय,” ते म्हणाले. “ह्या अंतऱ्याच्या मागं. मी स्वतः चिठ्ठी दिली व्हती.”

पुन्हा लावलं. अंतरा संपला आणि लगेच पुढचा सुरू झाला. मध्ये काही नव्हतं. नीट ऐकल्यावर तिथे ढोलकीचा ठेका किंचित अडखळत होता. पुढची गाणीही तशीच निघाली. एकाही गाण्यात एकही नाव नव्हतं.

काकूने तिथूनच विचारलं, “जावईबापू, माझी कॅसेट?”

दाजी तिला मामी म्हणतात. ते म्हणाले, मामी, नावांचं सगळं काढून टाकलंय, नुसती गाणी ठेवलीत. तिने मूळ कॅसेटी मागितल्या. ते म्हणाले, बुरशी लागली होती, खराब झाल्या. यानंतर ते उभे राहिले आणि वर सांगितलं ते बोलले.

वरण-भात वाढला जात असताना पंगतीत जे बोललं गेलं ते मी ऐकत होतो. काकूच्या वयाची एक बाई म्हणाली, “गाणी इकली का नावं इकली, ते इचारा.” दुसरीने तिला उत्तर दिलं, “आपल्या नावाला गिऱ्हाईक कुठलं आलंय? म्हणून तर काढून टाकली.” यावर दोघी हसल्या. काकू हसली नाही. पुरुषांच्या बाजूला नांदेडच्या डीजेवाल्याचं नाव चाललं होतं. मिरवणुकीत वाजवायला मध्ये थांबणारं गाणं चालत नाही, सलग लागतं. दाजींनी सलग करून दिलं, आता काम झालं, म्हणून किल्ली टाकली, असा हिशेब जेवण संपेपर्यंत पक्का झाला होता.

मी एका इंग्रजी दैनिकात वार्ताहर होतो, नंतर डेस्कवर. एका माणसाने सांगितलेलं मी छापायला देत नसे. पंगतीत वीस जण तेच सांगत होते, पण ते सगळे एकमेकांकडूनच ऐकलेलं सांगत होते. कोणीही काही पाहिलेलं नव्हतं. तरी संशय मलाही होता. ज्या माणसाने तीन वर्षं प्रत्येक गोष्टीचा कागद ठेवला, तो कॅसेटी खराब झाल्या एवढं एका वाक्यात सांगून जातो, हे बसत नव्हतं.

त्या आठवड्यात ताई माझ्या घरी आली. नवऱ्याबद्दल ती कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली. सुरुवातीला दाजी संध्याकाळी स्पीकरवर गाणी लावून ऐकायचे, तिलाही बोलवायचे. मग एके दिवशी अचानक हेडफोन आले. खोलीचं दार लागायला लागलं. ती चहा घेऊन गेली की ते कॉम्प्युटरचा पडदा बंद करत. फोन घ्यायला गच्चीवर जात. किल्ली आधी खिळ्याला असायची, ती खिशात गेली.

“मला पण डाऊट आहे,” ताई म्हणाली. “आई रोज विचारते. मी काय सांगू तिला? तूच बघ बाबा काय ते. तुझा तो धंदाच आहे ना, लोकांच्या घरात डोकवायचा.”

मी म्हणालो, नोकरी सोडलीय मी. ती म्हणाली, मग फुकटात बघ.

कॅसेटी हिमायतनगरच्या एका तळघरातल्या दुकानात उतरवल्या होत्या. लग्नांचे व्हिडिओ आणि जुन्या टेपा हे तिथलं काम. मालकाने आधी मला नीट पाहून घेतलं. मी पुतण्या आहे म्हणालो. तो म्हणाला, भतीजे नै, पेपरवाले दिखते आप. बसा म्हणाला नाही. ताईने फोनवर त्याला सांगितलं की गाणी तिच्या वडिलांची आहेत आणि जे असेल ते भावाला दाखवा. मग खुर्ची आली.

त्याने जे सांगितलं त्यात तीन गोष्टी मला उपयोगाच्या होत्या. बुरशी दोन-चार कॅसेटींना होती, त्याने ती पुसून काढली होती, आणि सगळ्या कॅसेटी पिशवीत घालून दाजींना परत दिल्या होत्या. म्हणजे विहारात सांगितलेलं खरं नव्हतं. दुसरी गोष्ट, दाजी आधी आले तेव्हा त्यांनी सगळं जसंच्या तसं उतरवायला सांगितलं होतं, बोलणं, खोकणं, टाळ्या, काहीही न काढता. तसं करून त्याने दिलं होतं. तिसरी, काही आठवड्यांनी दाजी पुन्हा आले आणि नावं काढायला सांगितली.

“मैं बोला, साब, इत्ती कटिंग करे तो गाना टूटता,” मालक म्हणाला. “उनो बोले, टूटने दो. मगर सब में से निकालो. एक में से नक्को, सब में से.”

हे वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्याने पुन्हा तेच म्हटलं.

नांदेडहून कोणी आलं होतं का, असं मी मालकाला विचारलं. एकाचा फोन आला होता म्हणाला. फायली मागत होता. साहेबांना विचारा असं सांगून त्याने फोन ठेवला. साहेबांनी पुढे काय केलं ते त्याला माहीत नव्हतं.

न कापलेल्या फायली त्याच्याकडे अजून होत्या. त्याने त्या मला दिल्या. ढोलकीवाल्याने प्रत्येक कॅसेटवर गाव आणि साल लिहिलेलं होतं आणि दुकानात फायलींना तीच नावं दिली होती, त्यामुळे अंबरपेठच्या मैदानातला कार्यक्रम शोधायला वेळ लागला नाही. ताईच्या जन्मानंतरच्या जयंतीचा एकच होता.

ते गाणं असं आहे. दुसरा अंतरा संपतो. पेटीचा सूर धरलेला राहतो आणि मध्येच तुटतो. ढोलकी चालू आहे. डावीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येतो. मग काकांचा आवाज, माईकपासून थोडा दूर गेल्यासारखा. ते म्हणतात, आमच्या अमकीच्या आईकडून पार्टीला सप्रेम भेट, जयभीम. अमकी म्हणजे ताई. तिचं नाव स्पष्ट ऐकू येतं. मांडवातून जयभीम येतो आणि गाणं पुढे सुरू होतं.

काकूचं नाव त्यात नाही. मी कॅसेटची दुसरी बाजू ऐकली. त्या सालातल्या बाकीच्या कॅसेटी ऐकल्या, मग पुढच्या-मागच्या सालांतल्या. कुठेही नाही.

दाजींना मी नामपल्लीच्या एका इराणी हॉटेलात भेटलो. ऑफिस सुटल्यावर ते आले. मी प्रश्न लिहून नेले नव्हते, पण क्रम मनात होता. आधी सगळं पूर्ण उतरवून घेतलं, मग ऐकलं, मग कापायला दिलं. कॅसेटी खराब नव्हत्या. हे सगळं मी त्यांच्यापुढे ठेवलं. ते बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, नांदेडवाल्याला सलग गाणी पाहिजे होती. मी विचारलं, दिली का. नाही म्हणाले. मग कापली कशाला, विचारलं.

“तुम्ही ऐकलं ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

“मग आता मामी तुम्हाला विचारतील. काय सांगायचं ते मी लै दिवस शोधलं. तुम्हाला सापडलं तर मला फोन करा.”

सगळ्यांचीच नावं का काढली, हे मी तरीही विचारलं. ते म्हणाले, एकच काढलं असतं तर कोणीही ओळखलं असतं. मूळ कॅसेट कुठे आहे असं विचारल्यावर त्यांनी वेटरला हाक मारली, बिल मागवलं, आणि माझ्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली.

एखाद्याने स्वतःला शोभेल असं कारण दिलं की मी ते दुसरीकडे तपासून घेत असे. मी नांदेडला फोन केला. डीजेवाला मोकळा माणूस होता. त्याने सांगितलं की दाजींनी त्याच्याकडून किती पैसे देता ते लेखी मागवलं होतं, त्याने पाठवलं होतं, आणि नंतर दाजींनी फोन उचलणं बंद केलं. हे कधी, असं विचारल्यावर त्याने महिना सांगितला. तो महिना दाजी दुकानात दुसऱ्यांदा गेले तोच होता. दोन्ही कारणं त्या एका महिन्यात बसत होती. ताईला मी दोन्ही सांगितली. कॅसेटवर काय आहे तेही सांगितलं. तिने सगळं फोनवर ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणून हेडफोन. थोड्या वेळाने म्हणाली, पण मग तो गच्चीवरचा फोन कशाला?



काकूला बातमी आम्ही सांगायच्या आधीच पोचली. दुकानातून काहीतरी मिळालं एवढं ताईच्या तोंडून निघालं होतं. काकूने मला बोलावून घेतलं. मी लॅपटॉप घेऊन गेलो तेव्हा ती नवं पातळ नेसून बसली होती आणि शेजारच्या दोघींना तिने येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ताई आधीच आलेली होती. काकूने विचारलं, हाय का त्यात? मी म्हणालो, कार्यक्रम तोच आहे, तू ऐक.

तिने डोळे मिटून ऐकलं. पेटीचा सूर तुटला तेव्हा तिने मान हलवली, बरोबर, इथेच, असं. मग काकांचं वाक्य आलं. गाणं पुढे गेलं. तिने डोळे उघडले आणि पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. ताई उठून आत जायला लागली.

“बस हितं,” काकू तिला म्हणाली. “तुझंच नाव हाय, ऐक की.”

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “ही ती न्हाई.”

मी सांगितलं, हीच आहे, गाव आणि साल कॅसेटवर लिहिलेलं आहे. ती म्हणाली, सगळं तेच हाय, पेटी थांबली ती बी तीच, बाया हसल्या त्या बी त्याच, फक्त नाव ते न्हाई. मी म्हणालो, ही फाइल कापलेली नाही. दुकानदाराने मूळ कॅसेटवरून घेतलेली जशीच्या तशी आहे.

“तू कवा बघितलं त्याला घेताना?” तिने विचारलं. मी पाहिलं नव्हतं. “मग? लेकीचं नाव त्यांनी दुसरीकडं कुठंतरी घेतलं असंल, ते आणून हितं डकवलं जावयानं. कंप्यूटरवर काय बी करता येतंय. मी बघती न्हाई का मोबाइलवर, मेलेली माणसं बोलायलीत.”

ताई म्हणाली, आई, ते असं कशाला करतील. काकूने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याशी बोलत होती.

“मी तिथं उभी व्हते. तू जन्मला बी नव्हतास. मला इचार काय घेतलं त्यांनी, कंप्यूटरला काय इचारतो?”

मी दुकानदाराकडे जाऊन त्याला पुन्हा विचारलं. त्याने त्या फाइलची आवाजाची रेघ मोठी करून दाखवली. जोड नव्हता. हे काकूला सांगायला मी गेलो तेव्हा तिने ऐकून घेतलं आणि विचारलं की त्या दुकानाचे पैसे कोणी दिले होते. दाजींनी, मी म्हणालो. ती म्हणाली, मग झालं की.

यानंतर ती गोष्ट वस्तीत फिरली. जावयाने सासूचं नाव पुसून स्वतःच्या बायकोचं घातलं, म्हणजे उद्या गाण्यांवर हक्क कोणाचा ते आजच ठरलं. विहारातल्या बायांनी ताईशी बोलणं कमी केलं. ताई आईकडे जायची, स्वयंपाक करायची, परत यायची. तिचं घर आणि काकूचं घर यांत दोन बसस्टॉपचं अंतर आहे. दाजी त्या बाजूला येत नव्हते.

जयंतीच्या आधीच्या रविवारी काकूने दाजींना जेवायला बोलावलं. निरोप माझ्याकरवी गेला. मला वाटलं येणार नाहीत. ते आले. पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी. काकूने त्यांना पाणी दिलं, पाटावर बसवलं, आणि ताट वाढायच्या आधी समोर बसली. खोलीत आम्ही चौघंच होतो. ती त्यांना जावईबापू म्हणूनच बोलली, अहोजाहोच केलं.

“एकच इचारते. माझं नाव तुमी काढलं का न्हाई?”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताईकडे पाहिलं. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“हो, मामी,” ते म्हणाले. “मीच काढलं.”

“काहून?”

“चुकलं.”

काकूने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली की किल्ली आता तुमच्याकडे परत येणार नाही. दाजी हो म्हणाले. ती उठली आणि तिने ताट वाढलं. दाजी जेवले. तिने आग्रह करून दुसऱ्यांदा भात वाढला, त्यांनी तो खाल्ला. जाताना ते काकूच्या पाया पडले आणि तिने पडू दिलं.

दुसऱ्या दिवशी बायांनी विहारात ताईसाठी जागा केली. काकूने त्यांना सांगितलं होतं की जावयाने कबूल केलं, लेकीचा त्यात हात नव्हता.

गाण्यांचं काम आता ताई पाहते. नांदेडला गाणी गेलेली नाहीत. मूळ कॅसेटी दाजींच्या ऑफिसातल्या कपाटात होत्या, त्या त्यांनी मे महिन्यात पिशवीतून ताईला आणून दिल्या. अंबरपेठच्या मैदानातली त्यांत नव्हती. न कापलेल्या फायलींच्या प्रती ज्यांना हव्या होत्या त्यांना ताईने दिल्या. महापालिकेतून निवृत्त झालेले गृहस्थ त्यांच्या बापाचं नाव मोबाइलवर लावून लोकांना ऐकवतात. काकूच्या गाण्याची फाइल कोणाला दिलेली नाही. कॉम्प्युटरवर त्या फाइलच्या नावापुढे ताईने मराठीत ‘कापलेली’ असं लिहून ठेवलं आहे.